सौंदर्याचं फिटनेस सर्टिफिकेट

रविवारच्या पुरवण्या, सौंदर्यतज्ज्ञांच्या मुलाखती आणि आता मोबाइलवरची रील्स यांनी मिळून आपल्याकडून एक सिद्धांत घोकून घेतला आहे. बाईच्या कमरेचा घेर नितंबांच्या घेराच्या ०.७ पट असेल तर ती पुरुषाला आवडते, कारण तिला मूल सहज होतं. चेहऱ्याची डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळली की माणूस देखणा, कारण त्याची जनुकं निर्दोष. रुंद जबडा म्हणजे टेस्टोस्टेरॉन, आणि टेस्टोस्टेरॉन म्हणजे दणकट प्रतिकारशक्ती. थोडक्यात, सौंदर्य हे निसर्गाने अंगावर चिकटवलेलं फिटनेस सर्टिफिकेट आहे आणि ते वाचणारा डोळा उत्क्रांतीने लाखो वर्षांत घडवला आहे. कुणी शंका काढलीच, तर 'तुम्ही डार्विन मानत नाही का?' असा सवाल तयार असतो.

मानतो. हा लेख डार्विनच्याच बाजूने आहे. माणसाच्या आवडीनिवडीला उत्क्रांतीचा हात लागलेला नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. सगळं समाजच घडवतो म्हणणारे वेगळे आणि त्यांच्याशी माझं भांडण वेगळं. इथे वाद एवढाच आहे की सौंदर्य हा आरोग्याचा आणि जननक्षमतेचा भरवशाचा दाखला आहे, हे विधान उत्क्रांतीच्या नावावर खपवलं जातं आणि त्याला पुरावा पुरत नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तो प्रतिपक्षानेही मान डोलवावी असा. जोडीदार निवडणं हा कुठल्याही जीवाच्या दृष्टीने मोठा सौदा. समोरच्याच्या आतड्यातले जंत किंवा जनुकांतले दोष दिसत नाहीत. जे दिसतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अदमास घेणारा प्राणी फायद्यात राहणार, त्याची पिल्लं जास्त जगणार आणि ती पारखही पिल्लांत उतरणार. मग खोट्या खुणा मिरवून फसवणारे कसे ओळखायचे? इस्रायलचे आमोत्झ झहावी आयुष्यभर वाळवंटातल्या सातभाईंच्या थव्यांमागे फिरले, आणि १९७५ मध्ये त्यांनी याचं उत्तर दिलं: खूण महागडी असेल तरच ती खरी. मोराचा पिसारा हे लोढणं आहे, आणि ते ओढूनही जो जिवंत राहिला तो दमदार असलाच पाहिजे. १९८२ मध्ये हॅमिल्टन आणि झुक यांनी यात परजीवी आणले: पिसं झळाळती, तर अंगात रोग कमी.

१९९३ मध्ये टेक्सास विद्यापीठातले भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांनी हा विचार थेट बाईच्या कमरेपाशी आणला. त्यांनी बायकांची बारा रेखाचित्रं केली. वजनं तीन: किडकिडीत, मध्यम, स्थूल. प्रत्येक वजनात कमरा चार, ०.७ पासून १.० पर्यंत. पुरुषांना ती पसंतीप्रमाणे लावायला सांगितली, तर मध्यम वजनाची ०.७ वाली पहिली आली. 'मिस अमेरिका' विजेत्या आणि 'प्लेबॉय'च्या मधल्या पानावरच्या मॉडेल यांची मापं काढून त्यांनी दाखवलं की काळाबरोबर त्या बारीक होत गेल्या, पण कमरेचं गुणोत्तर ०.७ च्या आसपास जागच्या जागी राहिलं. जोडीला वैद्यकातली आकडेवारी होतीच: कमरेचा घेर वाढला की मधुमेह आणि हृदयविकार वाढतात. आवड, आरोग्य आणि उत्क्रांती एका दोरीत ओवली गेली. मांडणी सुरेख आहे, ती जगभर का पसरली हे कळतं.

आता ती दोरी एकेका गाठीपाशी तपासू.

रेखाचित्रात कंबर बारीक केली की बाई एकूणच हलकी दिसू लागते. म्हणजे बघणाऱ्याने गुणोत्तर निवडलं की वजन, हे त्या चित्रांवरून सांगता येत नाही. हा आक्षेप काही वर्षांतच आला. मापांचं झालं ते आणखी गमतीचं. जेरेमी फ्रीस आणि शेरी मेलंड यांनी २००२ मध्ये सौंदर्यस्पर्धांचे आणि मासिकांचे तेच आकडे पुन्हा मांडून पाहिले. ०.७ च्या त्या अरुंद पट्ट्यात ती मापं बसत नव्हती, त्यांत बराच फरक होता आणि काळानुसार सरासरीही सरकली होती. तोवर जागच्या जागी राहिलेल्या कमरेचा दाखला पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला होता. पाठ्यपुस्तकातून काही बाहेर काढणं किती अवघड असतं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

खरा धक्का पेरूच्या जंगलातून बसला. डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड या दोघांनी सिंग यांची चित्रं मनू राष्ट्रीय उद्यानातल्या मात्सिगेंका लोकांपुढे ठेवली. बाहेरच्या जगाशी ज्यांचा फारसा संबंध नव्हता अशा पुरुषांनी पहिली पसंती जाडजूड आणि सरळ कमरेच्या बाईला दिली. अमेरिकेत पहिली आलेली ०.७ वाली पाहून ते म्हणाले की हिची कंबर खंगली आहे, दोन-चार दिवसांपूर्वी हिला जुलाब झाले असावेत. म्हणजे तेही आरोग्यच वाचत होते, फक्त त्यांचं वाचन उलटं होतं! ज्या मात्सिगेंकांचा बाहेरच्या समाजाशी जितका जास्त संबंध, तितकी त्यांची आवड अमेरिकी आवडीकडे सरकलेली होती. हा निष्कर्ष १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. तीन वर्षांनी टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक समाजातही पुरुषांनी भरलेल्या, जाड कमरेच्या बायकांना पसंती दिल्याचं फ्रँक मार्लो यांनी दाखवलं.

इथे पूर्वपक्षाला न्याय दिला पाहिजे. त्याच मार्लोंनी २००५ मध्ये हाड्झा पुरुषांना बायकांची चित्रं समोरून दाखवण्याऐवजी बाजूने दाखवली, तर त्यांना मागे नितंब भरलेले आणि त्या मानाने कंबर बारीक असलेली आकृती आवडली. तेव्हा 'हाड्झांना कमरेची आवडच नाही' म्हणणंही खोटं. पण ०.७ हा जादूचा आकडा मात्र तिथेच गळाला. २००८ मध्ये एलिझाबेथ कॅशडन यांनी ३७ लोकसमूहांतल्या बायकांची मापं गोळा केली, तेव्हा सरासरी ०.८ च्या वर निघाली. ज्या समाजात बाई ओझी वाहते, जमीन खणते, स्वतःच्या जोरावर घर चालवते, तिथे तिच्या अंगातली संप्रेरकं तिला बळ देतात आणि कमरेलाही घेर देतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. निसर्गाला जर ०.७ हेच हवं होतं, तर बहुतेक निरोगी, लेकुरवाळ्या बायका त्या मापाच्या बाहेर का असाव्यात?

शेवटची गाठ आरोग्याची. विल्यम लासेक आणि स्टीव्हन गॉलिन हे काही उत्क्रांतीचे विरोधक नव्हेत, दोघे त्याच छावणीतले. त्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतली मोठी आरोग्य-आकडेवारी चाळली. जी कंबर आणि जे वजन सर्वांत आकर्षक ठरवलं जातं, त्या बायका अधिक निरोगी आहेत किंवा त्यांना मुलं अधिक होतात असं काहीही निघालं नाही. उरलं ते एवढंच की अशी कंबर नुकत्याच वयात आलेल्या, अजून मूल न झालेल्या मुलींची असते. पुरुषाचा डोळा तारुण्य ओळखतो हे मला मान्य आहे. पण तारुण्य वेगळं आणि चांगली जनुकं वेगळी, आणि सगळी पुरवणीछाप मांडणी या दोहोंची सरमिसळ करून उभी आहे.

आणि बाहेरून आरोग्य दिसतं म्हणणाऱ्याने एकदा पुण्याचं काम पाहावं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. यंत्राने चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांच्या त्यांच्या अभ्यासातही हेच आलं होतं: बाळ इंग्लंडच्या बाळापेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण चरबीत त्या मानाने फारसं कमी नाही. डोळ्याला जे सडपातळ दिसतं ते आतून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतं. आपल्या इकडच्या शरीरांबद्दल तरी ते सर्टिफिकेट वाचता येतं असं म्हणण्याची सोय नाही.

कमरेवरून चेहऱ्याकडे वळताना मला आधी बर्लिनला जावं लागेल, तेही १९२० च्या दशकाच्या अखेरीस. तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली एक मराठी बाई मानवी कवट्या मोजत होत्या: इरावती कर्वे. फिशर यांचं गृहीतक असं की गोऱ्या युरोपीयांच्या कवट्या डाव्या-उजव्या बाजूंना सारख्या नसतात, कारण मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि तर्कबुद्धी तिथे राहते. थोडक्यात, वाकडी कवटी हे श्रेष्ठ वंशाचं लक्षण. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा आणि या वाकडेपणाचा काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. मार्गदर्शकाच्या लाडक्या कल्पनेला मार्गदर्शकाच्याच संस्थेत बसून नकार देणं तेव्हा सोपं नव्हतं. पुढे हेच फिशर नाझी वंशविज्ञानाचे आधारस्तंभ झाले.

यातली मौज अशी की साठ-सत्तर वर्षांनी तोच किस्सा उलट दिशेने घडला. आता सममिती हे श्रेष्ठत्वाचं लक्षण ठरलं. गर्भात वाढताना रोग, उपासमार, सदोष जनुकं यांचे धक्के बसले की दोन बाजू नेमक्या जुळत नाहीत. म्हणून जुळलेला चेहरा म्हणजे धक्के पचवलेला माणूस, हा युक्तिवाद. नव्वदच्या दशकात यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला. डोळ्यांनी कधी कळणारही नाहीत असे कानांचे, मनगटांचे, बोटांचे मिलिमीटरमधले फरक मोजून त्यांचा संबंध बुद्धीशी, घामाच्या वासाशी, शय्यासोबतींच्या संख्येशी लावला गेला. २००५ मध्ये 'नेचर'च्या मुखपृष्ठावर जमैकातल्या तरुणांच्या नाचाचा अभ्यास झळकला. सममित अंगाचे तरुण जास्त चांगले नाचतात, असा त्याचा दावा. लेखकांत रॉबर्ट ट्रिव्हर्स हे उत्क्रांतिशास्त्रातलं फार मोठं नाव होतं. काही वर्षांनी खुद्द ट्रिव्हर्स यांनाच त्या आकड्यांत घोळ दिसू लागला. आपल्याच निबंधाची चिरफाड करणारी पुस्तिका त्यांनी २००९ मध्ये काढली, आणि 'नेचर'ने तो निबंध २०१३ मध्ये मागे घेतला. ट्रिव्हर्स यांच्याबद्दलचा माझा आदर या प्रकरणाने वाढलाच. पण मूळ निबंधाची बातमी जितकी वाजली त्याच्या शतांशानेही तो मागे घेतल्याची वाजली नाही.

गैरव्यवहार बाजूला ठेवू, तो कुठल्याही क्षेत्रात होतो. सरळ, मोठ्या आकडेवारीचं काय? इंग्लंडमधल्या एव्हन परगण्यात १९९० च्या दशकारंभी जन्मलेल्या हजारो मुलांच्या आजारपणांच्या नोंदी जन्मापासून ठेवल्या आहेत. ती पंधरा वर्षांची झाल्यावर ४,७३२ जणांच्या चेहऱ्यांचे त्रिमितीय स्कॅन काढले. निकोलस पाउंड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ताळा मांडला. बालपणी कोण किती आजारी पडलं याचा आणि चेहरा किती जुळतो याचा संबंध निघाला नाही. बुद्ध्यंकाशी अगदी पुसटसा निघाला, आणि तेवढ्यावर कुणी लग्न ठरवू नये.

सममितीचं सोडा, देखणेपणाचंच थेट पाहू. कॅलिक, झेब्रोवित्झ, लॅन्ग्लॉइ आणि जॉन्सन यांनी १९९८ मध्ये १९२० च्या दशकात जन्मलेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलामुलींच्या नोंदी उघडल्या. सतराव्या वर्षीचे त्यांचे फोटो आजच्या लोकांना दाखवून देखणेपणाचे गुण घेतले, आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लिहिलेल्या आरोग्याच्या नोंदींशी ते ताडले. किशोरवय, मध्यमवय, उतारवय, कुठेच मेळ बसला नाही. वर आणखी एक गोष्ट निघाली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बघणाऱ्यांना आरोग्याचा थोडाफार अंदाज बांधता येत होता, पण देखणेपणा त्या अंदाजात अडथळा आणत होता. देखण्यांना लोक उगाच निरोगी समजत होते. ज्या खुणेने रोग ओळखायला मदत व्हावी ती खूण डोळ्यांवर पट्टी बांधत असेल, तर तिला सर्टिफिकेट कसं म्हणायचं?

जबड्याचं लवकर आटपू. महिन्याच्या जननक्षम दिवसांत बायकांना रांगडे चेहरे अधिक आवडतात, हे १९९९ पासून ऐकत आलो आहोत. २०१८ मध्ये बेनेडिक्ट जोन्स आणि सहकाऱ्यांनी ५८४ स्त्रियांची संप्रेरकं प्रत्यक्ष मोजून तेच पुन्हा तपासलं. तसं काही दिसलं नाही. रांगड्या चेहऱ्याची आवड बारा लोकसमूहांत तपासली, तर ती शहरी, विकसित समाजांत जास्त निघाली आणि जिथे रोगराई खरोखर जास्त तिथे कमी. सिद्धांताने नेमकं उलट भाकीत केलं होतं.

आता मंडनाकडे. त्यासाठी १८७१ मध्ये जावं लागतं, कारण ज्याच्या नावाने हे सगळं चालतं त्या डार्विनचं मत यापेक्षा पार वेगळं होतं. 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याने म्हटलं की मादीला सुंदर नर आवडतो तो सुंदर आहे म्हणून. मोराचा पिसारा लांडोरीच्या रुचीतून घडला आणि त्या रुचीमागे आणखी कुठला व्यवहारी हिशेब असायलाच हवा असं नाही. याच पुस्तकात त्याने जगभरच्या प्रवाशांच्या नोंदी गोळा केल्या: कुठे दात कानसतात, कुठे ओठ ताणतात, कुठे काळा रंग रूपवान, कुठे फिका. त्यावरून मानवी शरीराच्या सौंदर्याचं कोणतंही एक सार्वत्रिक मोजमाप माणसाच्या मनात नाही, असं त्याने स्वच्छ लिहून ठेवलं. त्या प्रकरणात वंशांबद्दल तो जे बोलतो ते आज वाचवत नाही, तो भाग वेगळा. पण फिटनेस सर्टिफिकेटवाल्यांनी आपल्या आद्य आचार्याचं हे प्रकरण उघडून पाहिलेलं दिसत नाही.

सर्टिफिकेटची कल्पना खरी आहे आल्फ्रेड वॉलेसची. मादीची रुची एवढी चंचल की तिच्यावर काही स्थिर घडणं शक्य नाही, असा सूर सेंट जॉर्ज मायव्हर्ट यांनी आधीच लावला होता. वॉलेसने १८८९ च्या 'डार्विनिझम'मध्ये सांगितलं की रंग आणि दिमाख हे नराच्या जोमाचं लक्षण असेल तरच मादीची निवड टिकेल. आज जे डार्विनच्या नावावर विकलं जातं ते हे वॉलेसचं मत. दोघेही थोर, पण पावती ज्याची त्याच्या नावावर फाडावी.

रुचीला स्वतःचा जीव असू शकतो हे दाखवलं रोनाल्ड फिशर यांनी, आधी १९१५ मध्ये आणि मग १९३० च्या ग्रंथात. माद्यांना समजा थोडी लांब शेपटी आवडू लागली, कारण काही का असेना. लांब शेपटीवाल्याशी जोडी जमवणाऱ्या मादीच्या मुलांना लांब शेपटी मिळते आणि मुलींना तिची आवड. शेपटी आणि आवड हातात हात घालून पुढच्या पिढीत उतरतात आणि एकमेकींना वाढवत नेतात. यात आरोग्याचा दाखला कुठेच लागत नाही. माल्ते अँडरसन यांनी १९८२ मध्ये केनियातल्या लांबशेपट्या विडोबर्ड पक्ष्यांच्या शेपट्या कापल्या आणि त्यांतल्या काही डिंकाने दुसऱ्यांना जोडून लांब केल्या. कापलेल्यांकडे माद्या कमी गेल्या, जोडलेल्यांकडे जास्त. जोडलेली शेपटी कुणाच्या जोमाची निशाणी होती? उसनवारीची होती.

आणि मोर. मोर आपला, पण त्याच्यावरचा खटला चालला तो इंग्लंडमध्ये आणि जपानमध्ये. व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात मॅरियन पेट्री यांना दिसलं की पिसाऱ्यावर डोळे जास्त त्या मोराला लांडोरी जास्त, आणि १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याची पिल्लंही अधिक जगतात. सर्टिफिकेटवाल्यांचा हा हुकमी एक्का. २००८ मध्ये जपानमधल्या मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या निरीक्षणानंतर लिहिलं की आमच्या लांडोरींना असल्या पिसाऱ्याचं काही विशेष वाटत नाही. खटला अजून निकालात निघालेला नाही. मोराच्या बाबतीत ज्याचा निर्णय लागत नाही, ते माणसाच्या बाबतीत ठाम सांगणाऱ्यांच्या धाडसाचं कौतुक वाटतं.

अर्थात माणूस पक्षी नव्हे, आणि फिशरचा युक्तिवाद त्याला जसाच्या तसा लागू होईल असंही मी म्हणत नाही. पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम यांनी २०१७ च्या पुस्तकात डार्विनची बाजू जोरात मांडली. पक्ष्यांपुरती ती मला पटते, माणसापर्यंत येताना ते फार लांब उडी मारतात. माणसात एक गोष्ट वेगळी आहे: लग्न बहुतेक वेळा दोघांनी ठरवलेलं नसतंच. हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. इथे मुलगी पाहायला सासू, मावशी, मामा जातात. गोत्र, नाड, मंगळ, शेती, पगार आधी बघतात. ही काही केवळ आपली जुनाट चाल नाही. रॉबर्ट वॉकर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शिकारी-संकलक समाजांच्या वैवाहिक चाली ताडून दाखवलं की वडीलधाऱ्यांनी जमवलेलं लग्न मानवाच्या फार जुन्या इतिहासात जातं. मग पुरुषाच्या डोळ्याने बाईची कंबर घडवली म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की निवडणारा डोळा कुणाचा होता? सासऱ्याला सुनेच्या कमरेपेक्षा व्याह्यांच्या बैलजोडीत जास्त रस असणार.

आपल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती याच कसोटीवर वाचाव्यात. त्यांत कमरेचं माप नसतं, 'गोरी' असतं. आता आरोग्याचा हिशेब लावा. नीना जब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० मध्ये मांडलं की कडक उन्हात गडद त्वचा अंगातल्या फोलेटचं रक्षण करते, आणि फोलेट तर गर्भासाठी अत्यावश्यक. म्हणजे सोलापूर-लातूरच्या उन्हात निरोगी गर्भाची हमी द्यायची तर ती सावळ्या रंगाने द्यावी. सर्टिफिकेटचा सिद्धांत इथे सावळ्या सुनेची मागणी करतो; बाजाराने मात्र १९७५ पासून २०२० मध्ये नाव बदलेपर्यंत 'फेअर अँड लव्हली'च्या ट्यूब खपवल्या. बरं, हे सनातन म्हणावं तर महाभारताची रूपसुंदर नायिका द्रौपदी काळी. गोरेपणाचा हव्यास जात, सत्ता, उन्हात न राबण्याची ऐपत आणि नंतर जाहिराती यांनी वाढवला. तो उत्क्रांतीच्या खात्यात टाकणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे.

मग उत्क्रांतीने आपल्याला दिलं काय? माझं उत्तर: यादी दिली नाही, शिकण्याची हातोटी दिली. आजूबाजूला कोण आहे, कुणाला मान आहे, पोट भरलं आहे की नाही, हे पाहून आवड जुळवून घेणारं मन दिलं. विरेन स्वामी आणि मार्टिन टोव्ही यांनी २००६ मध्ये विद्यापीठाच्या भोजनगृहात जेवायला जाणाऱ्या आणि जेवून बाहेर येणाऱ्या तरुणांना बायकांचे फोटो दाखवले. भुकेल्यांना भरलेल्या अंगाच्या बायका जास्त आवडल्या. पंगतीआधी आणि पंगतीनंतर सौंदर्यदृष्टी बदलते! दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यातल्या झुलू लोकांना जाड बाई देखणी वाटते. ब्रिटनमध्ये येऊन फार काळ न झालेल्या झुलूंची आवड बारीकपणाकडे सरकलेली दिसली. निकाराग्वाच्या किनाऱ्यावरच्या गावांत लिंडा बूथरॉइड आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की टीव्ही जितका जास्त, तितकी सडपातळ शरीराची ओढ जास्त. जनुकं टीव्हीच्या वेगाने बदलत नाहीत.

सर्वांत बोलका पुरावा जुळ्यांचा. २०१५ मध्ये ७०० हून अधिक जुळ्यांच्या जोड्यांना तेच ते चेहरे दाखवले. कुठला चेहरा किती आवडतो याबाबत माणसामाणसांत जो फरक पडतो तो जनुकांमुळे असता, तर एकसारख्या जुळ्यांचं बरंच जमायला हवं होतं. तसं झालं नाही. फरक बहुतांशी ज्याच्या त्याच्या अनुभवातून आलेला निघाला, तोही एका घरात वाढल्याने सारखा होणारा नव्हे, तर प्रत्येकाचा खासगी. त्याच आईच्या हातचं खाऊन, त्याच शाळेत जाऊन दोन सारखे भाऊ वेगवेगळ्या चेहऱ्यांवर भाळतात.

'मग सरासरी चेहरा सगळीकडे का आवडतो?' हा प्रतिपक्षाचा रास्त प्रश्न. या शोधाचा मान फ्रान्सिस गॉल्टन यांचा. डार्विनचा हा आतेभाऊ लागणारा नातलग खिशात कागद आणि सुई ठेवून ब्रिटनच्या गावोगावी फिरे. दिसलेली बाई सुंदर, बरी की कुरूप त्याप्रमाणे कागदाच्या वेगवेगळ्या टोकाला गुपचूप भोक पाडून त्याने देशाचा सौंदर्य-नकाशा केला. लंडन पहिलं, ॲबर्डीन शेवटचं. (आज कुणी असं करताना सापडला तर गावकरी काय करतील ते सांगायला नको.) १८७० च्या दशकात गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा सापडावा म्हणून त्याने कैद्यांचे फोटो एकावर एक छापले. निघाला एक सभ्य, देखणा माणूस! १९९० मध्ये लॅन्ग्लॉइ आणि रॉगमन यांनी संगणकावर तेच सिद्ध केलं. सरासरी चेहरा म्हणजे जनुकीय दोष नसलेला चेहरा, असा अर्थ लगेच लावला गेला. पण हाल्बरस्टाट आणि रोड्स यांनी २००० मध्ये कुत्रे, पक्षी आणि मनगटी घड्याळं यांची चित्रं घेतली, तर लोकांना तिथेही सरासरीच्या जवळचीच आवडली. घड्याळाला जनुकं नसतात. ओळखीचं, नमुनेदार रूप मेंदूला सहज पचतं म्हणून ते आवडतं, हे स्पष्टीकरण दोन्हीकडे पुरतं.

जे मान्य करायचं ते कबूल करून टाकतो. डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ समाजांतल्या दहा हजारांवर लोकांकडून माहिती घेतली. पुरुषांना वयाने लहान आणि बायकांना वयाने मोठा जोडीदार हवा, हे सगळीकडे आलं. जन्मून काही दिवसच झालेली बाळंही काही चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहतात. स्वीडनमध्ये २०१८ मध्ये लोकांना जंतूंचा अंश टोचून दोन तासांनी फोटो काढले, तर अनोळखी माणसांनी फिकट ओठ आणि जड पापण्यांवरून आजारी कोण ते अंदाजापेक्षा बरं ओळखलं. तारुण्य दिसतं, ताप दिसतो. पुरवणीतलं सर्टिफिकेट मात्र आयुष्यभराचं आणि जनुकांचं आरोग्य लिहून देतं.

प्रतिपक्षाने मला हरवायचं असेल तर वाट मोकळी आहे. टीव्ही न पोहोचलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या आठ-दहा समाजांत एकच माप पसंत पडल्याचं दाखवावं. त्या मापाच्या बायकांची मुलं तिथेच अधिक जगल्याच्या नोंदी दाखवाव्यात, वय आणि श्रीमंती वजा करून. आणि तिथे जोडीदार निवडला तो सासऱ्याने नव्हे, ज्याला आवडला त्याने, हेही दाखवावं. तिन्ही गोष्टी एका जागी मिळाल्या की हा लेख मी मागे घेईन, आणि ट्रिव्हर्स यांच्यासारखी पुस्तिकाही काढीन.